प्रायोगिक संगीत ऐकणाऱ्यांचे मंडळ मुंबईत कसे चालवावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही डोंबिवलीच्या चौघांनी मिळून प्रायोगिक संगीत (ओळखीचे राग-ताल किंवा चाली सोडून, कोणत्याही आवाजांतून नव्या रीतीने केलेले संगीत) आणि कला यांची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ सुरू केले. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात बघता बघता दोनशे जण जमले, परंतु दादरला भाड्याने घेतलेल्या खोलीतील पहिल्या बैठकीस सहा जण आले आणि दुसऱ्या बैठकीस तीनच. पहिल्या दिवशी तुम्ही दोन तासांत अकरा रचना वाजवल्या, प्रत्येकीआधी तिची माहिती सांगितली आणि पडद्यावर चित्रेही दाखवली. आपले काय चुकले, मुंबईत अशा गोष्टीसाठी माणसे नाहीतच का, आणि आलेल्या सहा जणांना पुन्हा कसे बोलवावे, असे तुम्ही विचारता.

मी ध्वनिमुद्रणाचे काम करते आणि माटुंग्याच्या माझ्या घरी गेली सोळा वर्षे असे एक छोटे मंडळ महिन्यातून एकदा भरते. त्या अनुभवावरून सांगते, की सहाच जण आले यात तुमची काही चूक नाही. चूक झाली ती अकरा रचना वाजवण्यात.

आपण यमन ऐकायला बसतो तेव्हा पहिल्या सुरापासून आपल्या हाती बरेच काही असते. तीव्र मध्यम येणार हे माहीत असते, सम कुठे आहे हे मांडीवरच्या बोटांना कळत असते आणि गायक कुठे वळण घेऊ पाहतो आहे याचा अंदाज कान बांधत असतात. अनोळखी प्रायोगिक रचनेत यांतले काहीच हाती नसते. त्यामुळे पहिले ऐकणे केवळ 'हे चालले आहे तरी काय' हे शोधण्यात खर्च होते आणि ऐकणे म्हणावे असे जे काही असते ते दुसऱ्या वेळी सुरू होते. तुमच्या सहा श्रोत्यांनी त्या दिवशी अकरा वेळा पहिले ऐकणे केले आणि एकदाही दुसरे केले नाही. त्यांतले तीन जण तरीही परत आले, याला मी फार मोठी गोष्ट समजते.

हा विचार माझा एकटीचा नाही. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियन संगीतरचनाकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी व्हिएन्नामध्ये खाजगी संगीत-सादरीकरणाची एक संस्था स्थापन केली होती. तिथे केवळ सभासदांना प्रवेश असे. टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि नापसंतीचे आवाजही काढायचे नाहीत, असा नियम होता. त्या दिवशी काय वाजणार हे आधी जाहीर केले जात नसे आणि वर्तमानपत्रांच्या समीक्षकांना बोलावले जात नसे. मोठ्या वाद्यवृंदाच्या रचना दोन पियानोंवर किंवा मोजक्या वाद्यांवर बसवून वाजवल्या जात, कारण पैसा नव्हता. परंतु तालमी मात्र भरपूर होत. पहिल्या दोन वर्षांत शोनबर्ग यांनी स्वतःची एकही रचना तिथे वाजू दिली नाही. सुमारे तीन वर्षांत ११७ कार्यक्रमांत १५४ रचना झाल्या आणि त्यांची सादरीकरणे ३५३ भरली. म्हणजे एकेक रचना सरासरीने दोनदांहून अधिक वेळा वाजली. नवे संगीत लोकांना कळत नाही याचे कारण ते नीट वाजवले जात नाही आणि पुन्हा पुन्हा ऐकवले जात नाही, ही त्यामागची धारणा होती. आमच्या मंडळाची सारी घडी मी याच धारणेवर बसवली आहे.

आमची बैठक पावणेदोन तासांची असते आणि तिच्यात एकच रचना दोनदा वाजते. आधी मी फक्त रचनेची लांबी सांगते, म्हणजे कोणी घड्याळाकडे पाहत बसत नाही. रचनाकाराचे नाव, साल, देश यांतले काहीही सांगत नाही. पहिल्यांदा वाजवून झाल्यावर प्रत्येकाने 'मला काय ऐकू आले' एवढेच सांगायचे. आवडले की नाही, हे त्या वेळी बोलायचे नाही. मग तीच रचना पुन्हा लावायची. नाव आणि इतिहास त्यानंतर, चहापोह्यांबरोबर.

याचा उपयोग कसा होतो, हे एका बैठकीच्या उदाहरणाने सांगते. पिएर शेफेर यांनी १९४८ साली पॅरिसमध्ये रेल्वे इंजिनांचे आवाज मुद्रित करून, तबकड्यांवर त्यांची जुळणी करून एक रचना केली. ध्वनिमुद्रित आवाजांचेच संगीत करण्याच्या प्रयत्नांतील ती अगदी आरंभीची. तिची लांबी तीन मिनिटांहूनही थोडी कमी आहे. आमच्याकडे मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालेले एक काका येतात. पहिल्या ऐकण्यानंतर बाकीच्यांनी गाडी, शिट्टी, गर्दी असे काहीबाही सांगितले. काका म्हणाले, "ही वाफेची इंजिनं आहेत, आणि गाडी सुटतेय." दुसऱ्यांदा ऐकताना ते पुढे वाकून बसले होते, तर्जनीने गुडघ्यावर ठोके मोजत होते. संपल्यावर म्हणाले, "मघाशी चुकलो. ही गाडी कुठेच जात नाही. खरी गाडी सुटली की रुळांच्या सांध्यांचे ठोके हळूहळू जवळ येत जातात. इथं एकच तुकडा जसाच्या तसा परत येतो आणि मग एकदम दुसरा सुरू होतो." ध्वनिमुद्रित आवाजाचा तुकडा कापून त्याची आवर्तने केली की त्यातली गाडी नाहीशी होते आणि लय शिल्लक राहते, ही शेफेर यांच्या प्रयोगातील मुख्य गोष्ट; ती खोलीतल्या अकरा जणांना कोणी न शिकवता कळली आणि ती दाखवून देणाऱ्या माणसाने पाश्चात्त्य संगीताचे एकही पुस्तक उघडले नव्हते. मी आधी अर्धा तास माहिती सांगितली असती, तर काकांनी नम्रपणे मान डोलावली असती आणि आमच्या हाती काही लागले नसते. (रूळ आता बहुतेक ठिकाणी सलग जोडलेले असतात, त्यामुळे तो ठोका लोकलमध्ये मुख्यतः सांधा बदलतानाच ऐकू येतो, हेही त्यांनीच सांगितले. त्यानंतर दादरच्या अलीकडे मी तो ऐकते.)

माझ्याकडूनही तुमच्यासारखीच चूक झाली आहे. मंडळाच्या दुसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही एका संस्थेचे सभागृह घेतले, पत्रके वाटली आणि साठ माणसे आली. मी चाळीस मिनिटे बोलले. त्यानंतर लावलेली रचना अतिशय हळू आवाजाची होती, आणि सभागृहाच्या व्यवस्थापकांनी मधेच पंखे पूर्ण वेगाने सुरू करून दिले. ती पंख्यांखाली पूर्णपणे बुडाली. मध्यंतरानंतर पंधराएक जण उरले. तेव्हापासून आमची संख्या कधीही बारापलीकडे जाऊ दिलेली नाही. बारापर्यंत प्रत्येकाला बोलता येते. विसावर गेली की चारच जण बोलतात आणि उरलेले प्रेक्षक होतात.

आता जागा आणि वेळ. मुंबईत या दोन गोष्टींवर मंडळे मोडतात, म्हणून त्या हलक्याने घेऊ नका. तुमचे सभासद डोंबिवलीचेही आहेत आणि बोरिवलीचेही, असे दिसते. तसे असेल तर दादर-माटुंगा परिसर सोडू नका, कारण मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवरून तिथे गाडी न बदलता पोहोचता येते. रविवारची दुपार टाळा. मेगाब्लॉकच्या वेळी ठाण्यापलीकडून येणारा माणूस एकदा अडकला की पुढच्या महिन्यात येत नाही. आम्ही शनिवारी संध्याकाळी साडेपाचला बसतो आणि सव्वासातला उठतो. जुलैची बैठक ठेवतो, पण पाऊस जोरात असेल तर दुपारी बारापर्यंत रद्द केल्याचे कळवतो. गणपतीच्या दिवसांत बैठक नसते.

भाड्याच्या खोलीपेक्षा कोणाच्या तरी घरची खोली शंभरपट चांगली. चटई, गाद्या, पुस्तकांची कपाटे यांमुळे आवाज नीट बसतो, आणि घरात माणसे मोकळी होतात. ब्लूटूथवरचा एकच छोटा स्पीकर वापरू नका. साधेच पण दोन स्पीकर कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून सहा-सात फुटांवर ठेवा आणि भिंतीला चिकटवू नका. वाजवण्याआधी फ्रिज काही वेळ बंद करा. ही सूचना तुम्हाला क्षुल्लक वाटेल, परंतु हळू आवाजाच्या रचना ज्यांनी फ्रिजच्या घरघरीत ऐकल्या आहेत, त्यांनी त्या ऐकलेल्याच नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगा. कर्कश रचना असेल त्या दिवशी पुन्हा सांगा. आम्ही प्रत्येकी पन्नास रुपये काढतो, ते चहा-पोह्यांना पुरतात. तिकीट लावू नका. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील ५२ व्या कलमात, नफ्यासाठी न चालवलेल्या मंडळाने आपल्या कामकाजाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवण्यास सवलत आहे. पैसे मिळवण्याचा प्रकार सुरू झाला की ती टिकत नाही. संस्था-नोंदणीची घाई नको. सात सभासद असले की नोंदणी करता येते, पण बँकेत खाते उघडण्याची किंवा अनुदान मागण्याची वेळ येईपर्यंत तिचा काही उपयोग नाही.

नुसते ऐकून मंडळ टिकत नाही, हेही मला उशिरा कळले. वर्षातून तीन-चार बैठका हाताने, तोंडाने काही करण्याच्या ठेवा. त्यांतली एक मी आवर्जून सुचवते. अल्विन ल्युसिए यांनी १९६९ साली एक रचना केली. एका खोलीत बसून काही वाक्ये बोलायची, ती मुद्रित करायची, ते मुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करायचे, आणि असे करत राहायचे. खोलीच्या लांबी-रुंदीत जे सूर नेमके बसतात ते प्रत्येक फेरीत बळावतात, बाकीचे विरत जातात, आणि शेवटी शब्द संपून खोलीचेच सूर उरतात. याला लागते काय, तर एक स्पीकर आणि एक साधा रेकॉर्डर. आम्ही आमच्या एका सभासद मुलीकडून 'माटुंगा स्टेशनवरून या घरी कसे यावे' हे चार वाक्यांत वाचून घेतले. चौथ्या फेरीपर्यंत स, च, ट यांची धार गेली. सातव्या फेरीत 'डावीकडे' हा शब्द फक्त त्याच्या लयीवरून ओळखू येत होता. बाराव्या फेरीत स्वर लांबून एकमेकांत मिसळले आणि खोलीत कोणीतरी दूरवर पेला घासून वाजवत आहे असे वाटू लागले. आमच्यातील एका गायिकेने पेटी काढली आणि उरलेला सूर शोधला. तो काळी एकच्या आसपास निघाला. मी त्या खोलीत वीस वर्षे राहिले होते आणि तिला काळी एकचा सूर आहे हे मला ठाऊक नव्हते. पंखा मात्र बंदच ठेवा, कारण त्याची घरघरही प्रत्येक फेरीत वाढत जाते. स्पीकरचा आवाज आणि रेकॉर्डरची जागा सुरुवातीला ठरवाल ती शेवटपर्यंत हलवू नका. तुमच्या खोलीत गाद्या-पडदे जास्त असतील तर परिणाम यायला अधिक फेऱ्या लागतील. उघड्या भिंती आणि गुळगुळीत लाद्या असलेल्या खोलीत तो लवकर येतो.

स्टीव्ह राइश यांची १९७२ सालची टाळ्यांची रचनाही दोन जणांना बसवता येते. बारा मात्रांचा एकच ठेका दोघे वाजवतात. एक जण तो तसाच धरून ठेवतो आणि दुसरा दर काही आवर्तनांनी एक मात्रा पुढे सरकतो, सरकत सरकत बाराव्या वेळी पुन्हा पहिल्याला येऊन मिळतो. बारा मात्रा ऐकल्या की आपल्याकडचा तबलजी त्यात एकताल शोधू लागतो आणि तिथेच फसतो, कारण इथे दोघांची सम एक राहत नाही. अवघड काम सरकणाऱ्याचे नाही, तर न सरकणाऱ्याचे आहे.

अमेरिकन रचनाकार जॉन केज यांच्या १९५२ सालच्या निःशब्द रचनेपासून (तिच्यात वादक काहीच वाजवत नाही) सुरुवात करावी का, असे मला पुष्कळ जण विचारतात. करू नये. तिची गोष्ट सर्वांना आधीच माहीत असते, त्यामुळे ती कोणी ऐकत नाही, जो तो ओळखून हसतो. दोन वर्षे एकत्र ऐकलेल्या लोकांसमोर ती ठेवा.

कलेच्या बाजूला आम्ही अगदी हाच नियम लावतो. वर्षातून चार वेळा बैठक काळा घोडा परिसरात होते: जहांगीर, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, किंवा एखादे खाजगी कलादालन. सगळे प्रदर्शन पाहायचे नाही. प्रत्येकाने एक चित्र किंवा एक मांडणी निवडून तिच्यासमोर वीस मिनिटे थांबायचे, मग बाहेर जाऊन पाच मिनिटे चालून यायचे आणि पुन्हा तिच्यासमोर दहा मिनिटे. मधल्या पाच मिनिटांत डोळे दुसरे काहीतरी पाहतात आणि परत आल्यावर त्याच चित्रात आधी न दिसलेले सापडते. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या, ओळखीचा आकार न देणाऱ्या चित्रकाराच्या कामासमोर तर पहिली दहा मिनिटे केवळ रंगाची सवय होण्यात जातात.

'हे सगळे परदेशी आहे, आपल्याकडे याला मूळ नाही' असा आक्षेप तुमच्या मंडळात येईल. बहुधा तिसऱ्या बैठकीत येईल. त्यावर वाद घालू नका, उदाहरणे ऐकवा. शोनबर्ग यांचे शिष्य जॉन केज यांना १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये भारतीय संगीताचे आणि त्यामागच्या विचाराचे धडे दिले ते अहमदाबादच्या गीता साराभाई यांनी, आणि बदल्यात त्या केज यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर (विजेवर आवाज निर्माण करणारे वाद्य) बसवला, आणि पुढील तीन-एक वर्षांत तिथे गीता साराभाई व इतर भारतीयांनी केलेली इलेक्ट्रॉनिक मुद्रणे अनेक दशकांनंतर, २०२३ साली, प्रकाशित झाली. ती मिळवा आणि दोनदा वाजवा. अमेरिकेतील रचनाकार टेरी रायली आणि ला माँट यंग हे दोघेही किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते. एकेका सुरावर किती वेळ थांबता येते हे त्यांनी ज्या घराण्यातून घेतले ते आपल्या घरोघरी ऐकले जाते.

मुंबईत माणसे नाहीत, हेही खरे नाही. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकार-शिल्पकारांचा गट सुरू झाला तेव्हा सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे असे सहाच जण होते. तुमच्या पहिल्या बैठकीस आले तितकेच. वॉर्डन रोडच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार, नाटकवाले आणि वादक एकाच छताखाली काम करत होते. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटके केली तीही जवळ जवळ बसलेल्या थोड्या प्रेक्षकांसमोरच. 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून या शहरात जगभरचे चित्रपट दाखवत आले आहे. ही सगळी माणसे कार्यालयातून सुटून, लोकलने, उभ्याने येत असत. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोनशे जणांना गट सोडून जायला सांगू नका, पण त्यांच्या संख्येकडे पाहून काही ठरवूही नका.

एका बाबतीत मात्र कठोर राहा. प्रत्येक मंडळात एक जाणकार असतो, त्याने सगळे आधीच ऐकलेले असते आणि पहिल्या ऐकण्यानंतर तो सगळे समजावून सांगू लागतो. त्याच्या बोलण्याने नवे लोक गप्प होतात, आणि गप्प झालेले लोक परत येत नाहीत. त्याला बैठकीनंतर बाजूला घेऊन, आदराने, सांगा की आपण शेवटी बोलावे. मी असे तीन जणांना सांगितले. दोघे अजून येतात. 'मला काहीच कळले नाही' असे म्हणणाऱ्याला मात्र जपा आणि विचारा, 'पण ऐकू काय आले?' तो हमखास काहीतरी सांगतो.

एक जाड वही ठेवा. प्रत्येक बैठकीनंतर तारीख, रचना, कोण आले आणि प्रत्येकाने दोन्ही वेळा काय ऐकले, हे एकेका ओळीत लिहा. आमच्या तीन वह्या भरल्या आहेत. एखादी रचना पाच-सहा वर्षांनी पुन्हा लावतो तेव्हा आधी जुनी पाने वाचत नाही, नंतर वाचतो.

राहिला त्या सहा जणांचा प्रश्न. त्यांना गटात संदेश टाकू नका, एकेकाला फोन करा. त्या दिवशीच्या अकरा रचनांपैकी कोणती आठवते, एवढेच विचारा. नाव आठवणारच नाही, पण 'तो पाण्यासारखा आवाज होता ती', 'ज्यात बाई एकच शब्द म्हणत होती ती' असे काहीतरी सांगतील. ज्या रचनेचा उल्लेख अधिक जणांकडून येईल ती घ्या आणि त्यांना सांगा, की पुढच्या शनिवारी साडेपाचला आपण फक्त तीच लावणार आहोत, दोनदा, आणि सव्वासातला सगळे मोकळे.